सान झक्कारिया: दोजे दरवर्षी ज्यांच्या दारी जायचा, त्या नन्सचा मठ

दगडफूल

व्हेनिसला जाऊन आलेल्यांना सान झक्कारिया हे नाव बहुधा बोटीचा थांबा म्हणून माहीत असतं. सान मार्कोच्या चौकाला जायचं म्हणून इथे उतरायचं आणि गर्दीबरोबर डावीकडे वळायचं. न वळता सरळ आत गेलं तर दोन मिनिटांत पांढऱ्या दगडाचं एक उंच चर्च लागतं. त्याला चिकटून जी इमारत आहे तिच्यात आज काराबिनिएरी, म्हणजे इटलीच्या निमलष्करी पोलिसांचं जिल्हा मुख्यालय आहे. नवव्या शतकापासून १८१० पर्यंत ती बेनेडिक्टाइन पंथाच्या नन्सच्या मठाची वास्तू होती. जवळजवळ हजार वर्षं. आपल्याकडे देवगिरीचे यादव राज्यावर यायच्या आधीपासून ते दुसऱ्या बाजीरावापर्यंत, असा काळ डोळ्यासमोर आणा.

मठाची सुरुवातच राजकारणातून झाली. बायझंटाइन सम्राट पाचवा लिओ याने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे वडील संत जखऱ्या यांचे अवशेष व्हेनिसला पाठवले आणि पार्तेचिपाझिओ घराण्यातल्या दोजेंनी त्यांच्यासाठी चर्च आणि मठ उभारला. (दोजे म्हणजे व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचा निवडलेला प्रमुख. एकदा निवडला की मरेपर्यंत.) संत मार्कचा देह अलेक्झांड्रियाहून पळवून आणला तो नंतर, ८२८ मध्ये. म्हणजे सान मार्कोच्या आधी हे.

पुढची काही शतकं दोजे आणि हा मठ यांचं नातं रक्ताचं राहिलं, दोन्ही अर्थांनी. दोजेंच्या घरातल्या मुली इथे नन व्हायच्या. आठ दोजे इथल्या तळघरात पुरलेले आहेत. ८६४ मध्ये दोजे पिएत्रो त्रादोनिको प्रार्थना आटोपून या चर्चमधून बाहेर पडत असताना मारेकऱ्यांनी त्याला गाठलं. ११७२ मध्ये दोजे विताले मिकिएल पूर्वेतल्या फसलेल्या मोहिमेवरून प्लेग घेऊन परतला. संतापलेल्या लोकांपासून जीव वाचवायला तो सान झक्कारियाकडेच पळत सुटला आणि मठाच्या अलीकडच्या गल्लीत भोसकला गेला.

११०५ च्या आगीचं काय सांगावं. शहराचा मोठा भाग जळाला. परंपरा अशी सांगते की शंभर नन्स जीव वाचवायला तळघरात उतरल्या आणि धुराने गुदमरून मेल्या. आकडा गोल आहे, तेव्हा जपून घ्या. तळघर मात्र आहे, बुटक्या खांबांचं. खाली बहुतेक वेळा पाणी साचलेलं असतं, आणि खांबांचं प्रतिबिंब इतकं स्वच्छ पडतं की फरशी कुठली नि पाणी कुठलं हे क्षणभर कळत नाही.

ईस्टरच्या दिवशी दोजे लवाजम्यासह मठात यायचा. कारण असं देतात की बाराव्या शतकात सान मार्कोचा चौक वाढवायला नन्सनी आपल्या मळ्याची जमीन दिली, त्याची ही दरवर्षीची परतफेड. दोजेची ती शिंगासारखी टोपी तुम्ही चित्रांत पाहिली असेल. तिची पहिली रत्नजडित आवृत्ती मठाध्यक्षा आगोस्तिना मोरोझिनीने भेट दिली अशीही एक कथा आहे. कथा म्हणूनच घ्यावी. पण ती कथा कुणी जपली, हे बघण्यासारखं आहे. राज्याच्या प्रमुखाच्या डोक्यावरचं चिन्ह आमच्या घरून गेलं, असं ठसवणाऱ्या बायका होत्या या.

आणि तो ठसा त्यांनी भिंतींवरही उमटवला. १४४० च्या दशकात त्यांनी आपल्या चर्चचं काम काढलं. फ्लॉरेन्सचा तरुण आंद्रेआ देल कास्तान्यो १४४२ मध्ये चर्चमधल्या सान तारासिओ प्रार्थनागृहात वेदीमागच्या छतावर भित्तिचित्रं काढून गेला. पुढच्याच वर्षी आंतोनिओ विवारिनी आणि जोवान्नी द'आलेमान्या यांनी सोनेरी कोरीव चौकटींची वेदीचित्रं केली. त्यांवर पैसे देणाऱ्यांची नावं लिहिलेली आहेत: मठाध्यक्षा एलेना फोस्कारी आणि तिची दुय्यम मारीना दोनातो. त्या वेळी दोजे कोण? फ्रान्चेस्को फोस्कारी. आडनाव पाहिलंत ना.

आता मूळ मुद्दा. या बायका इथे आल्या कशा?

व्हेनिसच्या सरदार घराण्यांत इस्टेट भावाभावांत वाटायची नाही, सामाईक ठेवायची अशी पद्धत होती. त्यासाठी बहुतेक घरांत एकच भाऊ लग्न करायचा, बाकीचे बिनलग्नाचे राहायचे. मग तोलामोलाचे नवरे कमी आणि मुली जास्त. हुंडा चढत गेला. सेनेटने १४२० मध्ये १६०० डुकातची (डुकात म्हणजे व्हेनिसचं सोन्याचं नाणं) कमाल मर्यादा घातली. १५०५ मध्ये तीच मर्यादा ३००० वर न्यावी लागली, आणि लोक तीही पाळत नव्हते. खालच्या घरात मुलगी द्यायची तर नाचक्की. उरला मठ. मठालाही हुंडा लागायचाच, पण लग्नाच्या मानाने फारच थोडा. सतराव्या शतकात तो हजार डुकातच्या आसपास बांधून दिलेला होता. एका मुलीला उजवायची आणि बाकीच्यांना मठात घालायचं, असा हिशेब. १५८१ च्या सुमारास व्हेनिसच्या सरदार घराण्यांतल्या निम्म्याहून जास्त स्त्रिया मठांत होत्या, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. निम्म्याहून जास्त!

तेव्हा सान झक्कारियाकडे श्रद्धेचं ठिकाण म्हणून बघून फारसं काही हाती लागत नाही. घराण्यांची तिजोरी म्हणून बघितलं की सगळं उलगडतं: दोजेची भेट, चित्रं, आणि पुढे झालेली भांडणंही. भांडणांवर प्रतिसादांत लिहिते, धागा लांबला.

---

खगोलवेडा

वाचनखूण साठवली. भांडणं लवकर येऊ द्या.

---

माजघर

लेख आवडला, पण ‘ठसवणाऱ्या बायका’ वगैरे वाचून थोडं खटकलं. अकरा-बारा वर्षांच्या पोरींना उचलून आत टाकलं, जन्मभर जाळीआड ठेवलं, आणि आपण त्यांच्या चित्रांचं कौतुक करायचं? तुरुंगाच्या भिंतीवर कैद्यांनी छान नक्षी काढली म्हणून तुरुंग चांगला होत नाही.

---

दगडफूल

माजघर, तुरुंग होता हे कबूलच. तुमच्या बाजूने सर्वांत जोरदार साक्ष एका बेनेडिक्टाइन ननचीच आहे. ती सान झक्कारियाची नव्हे, त्याच शहरात पूर्वेला असलेल्या सांत'आन्ना मठातली. एलेना कास्सांद्रा ताराबोत्ती, जन्म १६०४. घरात बऱ्याच मुली, ही थोरली आणि वडिलांसारखीच पायाने अधू. लग्नाच्या बाजारात हिला किंमत नाही असं बापाने ठरवलं आणि लहान वयात मठात नेऊन सोडली. १६२३ मध्ये अखेरची शपथ झाली आणि ती सिस्टर आर्कांजेला झाली. लॅटिन धड कुणी शिकवलं नव्हतं. मिळेल ते वाचून स्वतःची स्वतः शिकली आणि लिहायला लागली.

तिच्या एका ग्रंथाचं मूळ नाव होतं ‘पित्याची जुलूमशाही’. त्यात ती फक्त बापांना शिव्या घालून थांबत नाही. मुलींना मठात कोंबणं हे राज्यालाच सोयीचं आहे, सरदारांची संख्या आणि संपत्ती आवरून धरायला हे चालू ठेवलंय, असं ती थेट प्रजासत्ताकाला सुनावते. १६५२ मध्ये ती वारली. पुस्तक १६५४ मध्ये टोपणनावाने, नाव बदलून छापलं गेलं आणि काही वर्षांत चर्चने त्यावर बंदी घातली. ‘मठातला नरक’ हे दुसरं पुस्तक तर १९९० पर्यंत छापलंच गेलं नव्हतं.

आता माझी बाजू. हीच बाई मठात बसून शहरभरच्या विद्वानांशी पत्रव्यवहार करत होती, १६५० मध्ये आपली पत्रं छापून घेत होती, बायकांना आत्माच नसतो म्हणणाऱ्या एका पुस्तिकेचा १६५१ मध्ये छापील समाचार घेत होती. सासरी गेली असती तर हे झालं असतं का? तुरुंग होता, पण त्याच तुरुंगात तिच्या हाताशी दौत होती. दोन्ही खरं आहे, आणि एकाने दुसरं पुसलं जात नाही.

---

आजोबा_ठाणे

हुंड्याचं गणित वाचून हसावं की रडावं कळेना. सरकार मर्यादा घालणार आणि लोक कागदावर एक, हातावर एक देणार. १९६१ चा हुंडाबंदी कायदा आमच्या डोळ्यांदेखत आला, आणि त्यानंतरची लग्नंही आम्हीच जेवलो.

बाकी धागा भलत्याच वादात जाऊ नये म्हणून इथेच थांबतो.

---

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. हाच सगळा संसार आमच्या ओल्ड गोव्यात होता, फक्त पंथ वेगळा. होली हिलवरचं सांता मोनिका हे ऑगस्टिनियन नन्सचं. आर्चबिशप आलेशु द मेनेझिश यांनी १६०६ मध्ये स्थापन केलं. पोर्तुगीज फिदाल्गोंच्या, म्हणजे सरदारांच्या, मुली आणि विधवा तिथे यायच्या, हुंडा घेऊनच. गोव्याच्या नगरसभेने तर पोर्तुगालच्या राजाकडे रडगाणं गायलं होतं की शहरातला पैसा आणि मिळकती या मठाच्या घशात चालल्या आहेत. १६३६ मध्ये मठ जळाला, पुन्हा बांधला.

१८३४ मध्ये पोर्तुगालने धर्मसंघ मोडीत काढले. पुरुषांचे मठ लगेच बंद झाले. नन्सना बाहेर काढलं नाही, पण नवीन मुली घ्यायला बंदी. मग एकेक करत संपत गेल्या. शेवटची नन १८८५ मध्ये गेली. आता तिथे ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे, भिंतींना बाहेरून टेकू देणारे मोठमोठे दगडी धिरे बघाच.

अवांतर: बेबिंका पहिल्यांदा इथल्याच एका बिबियाना नावाच्या ननने केली अशी दंतकथा आहे. सात थरांची केली, वरिष्ठांना कमी वाटली, म्हणून सोळा थर केले म्हणे. आमची आजी सातच करायची. चुलीपुढे बसून सोळा थर कोण भाजणार?

---

दगडफूल

मांडवीकाठ, वा! फरक लक्षात घ्या. गोव्यात माणसं संपू दिली, व्हेनिसमध्ये नेपोलियनने एका हुकमाने विषय संपवला. त्यावर शेवटी येते.

आता कबूल केलेली भांडणं.

पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इथल्या नन्स आरामात राहत होत्या. स्वतःच्या खोल्या, घरून येणारे पैसे, भेटीच्या दालनात नातेवाइकांची ये-जा. त्यांना ही मेहेरबानी वाटत नव्हती, हक्क वाटत होता. १५१४ मध्ये पॅट्रिआर्कची, म्हणजे व्हेनिसच्या धर्मप्रमुखाची, माणसं भेटीचं दालन बंद करायला आली, तेव्हा नन्सनी त्यांना दगड मारून पिटाळलं. समकालीन रोजनिशीकार मारीन सानुदो असल्या बातम्या नेमाने टिपून ठेवायचा.

पुढे १५१९ च्या सुमारास पॅट्रिआर्क आंतोनिओ कोंतारिनीने दुसरी युक्ती काढली: जुन्या ढिल्या मठांत कडक शिस्तीच्या नन्स आणून बसवायच्या आणि इमारतीची वाटणी करायची. ज्या खोल्या आपल्या पणजीने बांधल्या, त्यांतून आपल्याला हुसकतात आणि परक्या बायकांना देतात, हे सरदार घराण्यांना कसं झेपणार? बाप, भाऊ, काका थेट सरकारदरबारी गेले. १५२१ मध्ये ननमठांवर देखरेख करायला तीन सरदारांचं स्वतंत्र खातंच निघालं. गंमत अशी की देखरेख करणाऱ्यांच्या बहिणी आणि आत्या आतच होत्या.

मग कॅथलिक चर्चची ट्रेंटची परिषद. १५६३ मध्ये तिने ठरवलं की नन्सनी मठाबाहेर पाऊल टाकायचं नाही आणि सोळा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय शपथ घ्यायची नाही. १५६६ मध्ये पोप पाचव्या पायसने हे आणखी आवळलं. खिडक्या बुजल्या, जाळ्या दुहेरी झाल्या. सान झक्कारियाच्या अंगणात सतराव्या शतकातला एक दगडी फलक अजून आहे: इथे खेळ, आरडाओरडा, अचकटविचकट बोलणं यांना मनाई. ज्याअर्थी दगडात कोरावं लागलं, त्याअर्थी रोज चालत असणार.

---

चिकू

मी कुठेतरी वाचलं होतं की व्हेनिसच्या नन्सचे प्रियकर वगैरे असायचे, कासानोव्हाच्या आठवणींत पण आहे. ते खरं की पुरुष प्रवाशांच्या फेका?

---

दगडफूल

चिकू, दोन्ही. मठात शिरलेल्या पुरुषांवर खटले चालल्याची कागदपत्रं आहेत, तेव्हा सगळंच बनावट नाही. पण १७३९ मध्ये द ब्रॉस नावाचा फ्रेंच गृहस्थ लिहितो की पोपच्या नव्या वकिलाला प्रेयसी पुरवायला तीन मठांत चुरस लागली आहे, तेव्हा मी ते जपूनच घेते. चार दिवसांच्या पाहुण्याला असल्या गोष्टी नेहमी पहिल्या ऐकायला मिळतात.

त्यापेक्षा का' रेझ्झोनिको संग्रहालयातलं गुआर्दीचं चित्र बघा, १७४० च्या दशकातलं, सान झक्कारियाच्या भेटीच्या दालनाचं. भिंतीत मोठ्या जाळीदार खिडक्या. जाळीआड नन्स, बऱ्यापैकी नटलेल्या, कपाळावर केस दिसताहेत. अलीकडे रेशमी झग्यातल्या बायका, विग घातलेले पुरुष, गप्पा चालल्या आहेत. आणि कोपऱ्यात चक्क कळसूत्री बाहुल्यांचा खेळ, पुढ्यात मुलं खिळून उभी. प्रियकराची भानगड शोधायला गेलो तर या चित्रात सापडत नाही. सापडते ती भाचरांना बघायला बाहुलीवाला बोलावणारी मावशी.

ट्रेंटला पावणेदोनशे वर्षं झाली होती. जाळी राहिली, बाकी सगळं हळूहळू परत आलं.

---

माजघर

चित्र शोधून पाहिलं. सुंदर आहे. पण एक विचारते. दालनात नटून बसलेल्या या सगळ्या सरदारांच्या मुली. मठात भांडी कोण घासत होतं?

---

दगडफूल

माजघर, अगदी दुखरी नस पकडलीत.

मठात दोन वर्ग होते. गायनवृंदातल्या नन्स म्हणजे पूर्ण हुंडा आणलेल्या, बहुतेक सरदार घरच्या. त्यांचं काम दिवसाच्या ठरलेल्या प्रार्थना गाणं. दुसऱ्या ‘कोन्वेर्से’, कारागीर आणि गरीब घरच्या. हुंडा थोडका, कधी नाममात्र. स्वयंपाक, धुणं, आजारी नन्सची सेवा, सगळं यांच्याकडे. मठाध्यक्षा निवडताना मत फक्त पहिल्या वर्गाला. डोक्यावरच्या कापडाच्या रंगावरूनही कोण कुठली ते कळायचं. म्हणजे चौकात जे सरकार होतं, तेच आत: मोजक्या घराण्यांना मत, बाकीच्यांना काम.

यांची नावं वेदीचित्रांवर नाहीत. ताराबोत्तीसुद्धा लिहिते ती मुख्यतः स्वतःसारख्यांच्या बाजूने.

शेवटाबद्दल सांगते म्हटलं होतं. १७९७ मध्ये नेपोलियनने प्रजासत्ताक गुंडाळलं. जोवान्नी बेल्लीनीचं १५०५ चं मोठं वेदीचित्र त्याच लुटीत पॅरिसला गेलं. वॉटर्लूनंतर परत आलं आणि आज आपल्या जागी आहे. एप्रिल १८१० च्या हुकमाने मठ बंद झाला, नन्सना बाहेर काढलं, इमारत सरकारजमा. संत जखऱ्यांचे अवशेष चर्चमध्येच राहिले. ताराबोत्तीचा सांत'आन्नाही त्याच काळात बंद पडला आणि पुढे आरमाराचं इस्पितळ झाला.

जमीन दिली म्हणून दरवर्षी भेटीला येणारा दोजेच उरला नव्हता, मग त्यांच्या वतीने बोलणार कोण?

---

आजोबा_ठाणे

ताई, कोन्वेर्सेंवर स्वतंत्र धागा काढा. आमच्यासारख्यांच्या पूर्वजा तिकडे जन्मल्या असत्या तर त्याच झाल्या असत्या.

---

खगोलवेडा

पुढच्या महिन्यात व्हेनिसला ऑफिसच्या कामासाठी जातोय, एक दुपार मोकळी आहे. आत काय काय बघता येतं? मठाच्या इमारतीत सोडतात का?

---

दगडफूल

मठात नाही, तिथे पोलीस बसतात. चर्चमध्ये प्रवेश फुकट. बाजूची प्रार्थनागृहं आणि तळघर यांना थोडे पैसे पडतात, पण ते टाळू नका; कास्तान्यो, विवारिनी आणि ते पाणी तिकडेच आहे. बेल्लीनी डाव्या भिंतीवर. दुपारी चर्च मधेच काही वेळ बंद असतं, तेव्हा वेळ आधी बघून जा. आणि खिशात युरोची सुटी नाणी ठेवा, चित्रासमोरचा दिवा नाणं टाकल्याशिवाय लागत नाही.